शिरकाकाकूंचा पहिला चमचा

माझ्या सासूबाईंना अख्खी इमारत शिरकाकाकू म्हणते. तोंडावर काकू, पाठीमागे शिरकाकाकू, आणि पोट बिघडलं की पुन्हा नुसतं गोड आवाजात काकू. मी त्यांना आई म्हणते. मनातल्या मनात काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही.

आमच्या ओट्याखाली रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या आहेत. आत सफरचंदाच्या साली, गाभे, डागाळलेले तुकडे, साखर आणि पाणी. वर जुन्या मलमलीचं फडकं आणि रबरबँड. काही आठवड्यांनी पाण्यावर एक बुळबुळीत, पांढरट थर धरतो. सर्दी झालेल्या माणसाच्या रुमालात जे सापडतं, त्याचा हा थोरला भाऊ. सासूबाई त्याला 'बाळ' म्हणतात. बाळाला हलवायचं नाही, बाळाला ऊन लागू द्यायचं नाही, बाळाजवळ मोठ्याने भांडायचं नाही. माझ्या नवऱ्याला लहानपणी एवढं जपलं नसावं, हे त्याच्याकडे बघितलं की पटतं.

या बाळाच्या कृपेने जो तयार होतो तो शिरका. दुकानात त्याला व्हिनेगर म्हणतात, पण दुकानातल्या बाटलीला सासूबाई 'फरशी पुसायचं पाणी' म्हणतात. त्यांच्या शिरक्याला काहीही वर्ज्य नाही. घसा बसला, गुळण्या करा. ताप आला, तळपायांवर शिरक्याच्या पट्ट्या. कोंडा झाला, न्हाऊन झाल्यावर शेवटच्या मगात दोन झाकणं. पायांना वास येतो, टबात पाय बुडवून बसा आणि कृपा करून खिडकी उघडा. गांधीलमाशी चावली, कापसाचा बोळा. भोवळ आली, रुमाल नाकाशी. समोरच्या शिंपिणीच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा तिलाही एक चमचा मिळाला, आणि ती रडायची थांबली. थांबणारच, कारण तो शिरका घशाखाली उतरत असताना माणसाला दुसरं कोणतंच दुःख आठवत नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. लोकांना बरं वाटायचं, सासूबाईंना त्याहून बरं वाटायचं, आणि मला दारातल्या चपला सरकवत घरात शिरायची सवय झाली होती. भानगड होती ती त्यांच्या नियमात.

नियम असा: रोग्याला चमचा द्यायच्या आधी एक चमचा स्वतः घ्यायचा. रोग्यासमोर, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून, आणि तोंड वाकडं न करता. "जे माझ्या घशाखाली उतरत नाही ते दुसऱ्याच्या घशात ओतायचा मला काय हक्क?" असं त्या म्हणत. ऐकायला फार उदात्त वाटतं. पण रोग्याला पाण्यातून मिळायचा, आणि स्वतः मात्र कोरा. पाणी घालणं म्हणजे त्यांच्या मते घाबरणं. शिवाय औषध पोटात घ्यायचं असो की अंगाला लावायचं, नियम तोच. म्हणजे कोंडा शिंपिणीच्या डोक्यात आणि चमचा सासूबाईंच्या पोटात. हवा बदलली की इमारतीत खोकल्याची साथ यायची, आणि त्या दिवसांत माझी सासू जेवणापेक्षा शिरक्यावरच जास्त जगायची.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. दवाखान्यांतून तोंडाचे साचे येतात, मी त्यात प्लास्टर ओतते, मेणाचे दात कोरते, कवळ्या आणि कॅपा बनवते. दिवसभर लोकांचे जबडे हातात घेऊन बसणारी बाई जेवणाच्या टेबलावरही दातच बघते. एकदा सासूबाई कशाला तरी हसल्या आणि मला त्यांच्या पुढच्या दातांच्या कडा आरपार दिसल्या. वरचं टणक कवच जवळजवळ उरलंच नव्हतं.

"आई, शिरक्याने दात विरघळतायत तुमचे," मी म्हणाले.

"मग तू कशाला आहेस? दे नवीन करून," त्या म्हणाल्या आणि बटाट्याचं सूप पुढे ओढलं.

पण मग सूपही जाईना. जेवल्यावर पोटाशी उशी धरून बसायच्या, कपाळावर घाम. विचारलं की "गॅस" म्हणायच्या. गॅसवर औषध अर्थातच शिरका, आणि इथे रोगी आणि वैद्य एकच असल्यामुळे दोन चमचे. कपडे त्यांच्या अंगावर लोंबायला लागले. माझा नवरा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो आईला एकच गोष्ट ठामपणे सांगू शकतो, ती म्हणजे "बरं". म्हणून डॉक्टरकडे न्यायचं काम माझ्या गळ्यात आलं.

डॉक्टरकडे त्या स्वतःसाठी गेल्या नसत्या. मी त्यांना सांगितलं, "पोटाच्या डॉक्टरांना उचकी लागलीय. कालपासून थांबत नाही. बिचारे कोणाला सांगणार?"

सासूबाईंनी क्षणात साडी बदलली, पिशवीत बाटली आणि चमचा टाकला आणि माझ्याआधी जिना उतरल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी "काय होतंय?" असं विचारलं, तर सासूबाईंनी "ते तुम्ही सांगायचं" असं उत्तर दिलं आणि त्यांची उचकी ऐकायला कान पुढे केला. बराच वेळ दोघंही एकमेकांना तपासत होते. मी मध्ये पडून खरं काय ते सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला माझ्या माहेरची माणसं आठवली.

पोटात दुर्बीण घातली गेली. जठरात मोठा व्रण होता, आणि त्याच्या तळाशी रक्तवाहिनी उघडी पडायच्या बेतात आली होती.

"आंबट पूर्ण बंद," डॉक्टर म्हणाले. "व्हिनेगरचा एक थेंबसुद्धा नाही. हा व्रण फुटला तर रक्त थांबवायला वेळ मिळेलच असं नाही. जीव जाऊ शकतो, काकू. आणि ह्या गोळ्या रोज, न चुकता."

सासूबाईंनी गोळ्यांचं पाकीट उलटंसुलटं केलं. "तुम्ही घेतली का?"

"मी? मला कशाला?"

"आधी तुम्ही घ्या. मग मी घेते."

"काकू, मला व्रण नाही."

"मलाही कधी कोंडा नव्हता," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी गोळी घेतली नाही. सासूबाईंच्या लेखी तो माणूस त्याच क्षणी वैद्यकीय व्यवसायातून बाद झाला. गोळ्या घरी आल्या आणि फ्रिजवर पडून राहिल्या. शिरक्याचं विचारलं तर म्हणाल्या, "गॅसचे दोन चमचे सोडले मी. बाकी माझ्यासाठी मी घेतच नाही, तर बंद काय करू? दारात माणूस कळवळत उभा असला तर त्याला हाकलू?"

हाकलणं त्यांना जमलं नसतं, हे मलाही कळत होतं. रोग्याला नाही म्हणता येत नाही, आणि स्वतः घेतल्याशिवाय देता येत नाही. म्हणजे एकच वाट उरली: रोगीच यायला नकोत.

मी घरोघर फिरले. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर, समोरची शिंपीण, पत्रं वाटायला येणारा पोस्टमन, जिन्यात भेटतील ते सगळे. सगळ्यांना एकच सांगितलं. "काकूंच्या जिवाशी गाठ आहे. आजपासून ह्या इमारतीत कोणी आजारी पडायचं नाही. पडलात तर आपापल्या घरात, दार लावून पडा. जिन्यात खोकायचं नाही, लंगडायचं नाही, पोट धरायचं नाही. काकूंनी कसं काय विचारलं तर उत्तर एकच, ठणठणीत."

माणसं चांगली आहेत आमच्या इमारतीतली. नको तेवढी चांगली आहेत. मास्तरांना सकाळच्या शिंकांचा जुना त्रास. ते बगलेत एक उशी घेऊन जिना उतरायला लागले आणि आमचा मजला आला की तिच्यात तोंड खुपसून शिंकायचे. सासूबाईंनी उशीचं कारण विचारलं तर म्हणाले, "बाकावर बसायला." पोस्टमनला आमच्याच दारात उचकी लागली. त्याने श्वास कोंडून पत्र दिलं, श्वास कोंडून सही घेतली, आणि जांभळा होऊन खाली पळाला. शिंपिणीच्या बोटात सुई घुसली तर ती किंचाळायच्या ऐवजी मोठ्याने गायला लागली, आणि तिचं गाणं ऐकून सुई परवडली असं सगळ्यांना वाटलं.

सगळ्यांत भारी आमचे हे. ह्यांचा घसा बसला. बोललं तर आईला कळणार, म्हणून ह्यांनी बोलणंच बंद केलं. घरात यायचे, मान हलवायचे, जेवायचे, झोपायचे. सासूबाईंनी थोडे दिवस बघितलं आणि एका सकाळी मला ओट्याशी गाठलं.

"काय केलंस त्याला?"

"मी कुठे काय केलं?"

"नवरा घरात मुका होतो तेव्हा बायकोने काहीतरी केलेलं असतं. तोंड आवर जरा. तुझ्या तोंडाला मी एवढी वर्षं पुरले, तो नाही पुरणार."

मी गप्प बसले. माझ्या स्वभावाला ते किती जड गेलं असेल ते मला ओळखणाऱ्यांनाच कळेल. नवरा पाठीमागे उभा राहून कान धरून माफी मागत होता, अर्थात मुक्याने.

आणि माझंही एक दुखणं मी ह्याच भानगडीत गिळून बसले होते. उजव्या हाताची दोन बोटं मधूनमधून बधिर व्हायची. आधी मुंग्या, मग काहीच नाही. लॅबमध्ये मेण कोरायची सुरी आम्ही ज्योतीवर तापवतो. एका दुपारी जळल्याचा वास आला, म्हणून मी मेण तपासलं, ज्योत तपासली, आणि मग दिसलं की सुरी माझ्याच बोटाला टेकली होती. मला कळलंच नव्हतं. मी बोटाला पट्टी बांधली आणि कोणालाही सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. बोटंच गेली तर मी दात कसले कोरणार, आणि दात कोरले नाहीत तर मी दिवसभर करणार काय, हे मी रोज रात्री बोटं चोळत स्वतःला विचारायचे. एरवी मी सासूबाईंना सांगितलं असतं. त्यांनी बोटं शिरक्यात बुडवली असती, चार शिव्या दिल्या असत्या, आणि बोटं तशीच बधिर राहून मला बरं वाटलं असतं. आता ते बंद होतं. मीच बंद केलं होतं.

शिरका मात्र खरंच थांबला. बरण्यांमधली बाळं निवांत जाड होत होती. सासूबाईंचं पोट थोडं कमी दुखायला लागलं, गोळीशिवायसुद्धा. मला वाटलं, जिंकलो.

पण सासूबाई दाराशी खुर्ची टाकून बसायला लागल्या. जिन्यात पाऊल वाजलं की ताठ व्हायच्या. "कसा आहेस रे?" "ठणठणीत, काकू!" "आणि आई?" "ठणठणीत!" "जीभ दाखव बरं." जीभ दाखवायला कोणी थांबायचं नाही. संध्याकाळी खुर्ची आत न्यायला गेले की त्या रिकाम्या जिन्याकडे बघत असायच्या. एकदा म्हणाल्या, "सगळे बरे झाले गं." असं म्हणाल्या जणू सगळे गाव सोडून गेलेत.

मला वाईट वाटलं. वाटलं, पण व्रणापेक्षा बरं, असं मी स्वतःला समजावलं.

मग त्यांच्या डोक्यात दुसरंच शिरलं. एवढी माणसं एकदम बरी होत नसतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. म्हणजे ती दुसरीकडे जात असणार. आणि दुसरीकडे म्हणजे तळमजल्यावर.

तळमजल्यावर लसूणमावशी राहते. तिचा सगळा भरवसा लसणावर. कानात लसणाचं तेल, छातीला लसणाचा लेप, तळपायाला लसूण चोळून वर मोजे. तिच्या आणि सासूबाईंच्या मध्ये कित्येक वर्षांचं वैर होतं, कारण शिंपिणीचा खोकला नेमका कोणी बरा केला हे अजून ठरलेलं नव्हतं. मी इमारतीत सगळ्यांना सांगत फिरले, पण लसूणमावशीला सांगायचं मला सुचलंच नाही. ती काही आमच्याकडे औषधाला येणार नव्हती. आणि तिच्याकडेही कोणी फिरकत नव्हतं, कारण अंगाला लसणाचा वास आला तर काकूंना आजार कळला असता. थोडक्यात, मी एक दवाखाना बंद करायला गेले आणि दोन बंद केले.

एका दुपारी लॅबमधून लवकर सुटले. जिन्याच्या पहिल्याच पायरीवर वास आला, आंबट आणि उग्र एकदम. लसूणमावशीचं दार उघडं होतं. स्वयंपाकघराच्या टेबलाशी दोघी समोरासमोर बसल्या होत्या. मावशीच्या कपाळावर शिरक्याची पट्टी. सासूबाईंच्या कानांत कापूस आणि पायांत मावशीचे मोजे. मध्ये आमची बाटली, निम्म्याच्या खाली गेलेली.

"ये गं ये," सासूबाई म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा एवढा खुललेला मी बघितला नव्हता. "मी भांडायला आले होते. पण हिचं डोकं फुटायला आलंय, तशीच बसली होती बिचारी. एकटीच."

"आणि ह्यांचे कान वाजतात," मावशी म्हणाली. "कोणी बघितलंय का घरात? काकू, आता गुडघ्यासाठी. तुम्ही घ्या, मग मी घेते. मग मी पाकळी चावते, मग तुम्ही."

नियम तिलाही आवडला होता. डोकं, गुडघा, कंबर, झोप, पित्त, एकेका दुखण्याला एकेक चमचा. इतक्या वर्षांचा साठा दोघी एका दुपारी उपसत होत्या.

"आई, ठेवा तो चमचा!" मी ओरडले.

"ओरडू नकोस. समोर रोगी आहे."

"तुम्ही मराल!"

"तुझ्या तोंडात साखर पडो," असं काहीतरी टोचून बोलण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, पण बोलल्या नाहीत. टेबलाची कड धरली. चेहरा पांढराफटक पडला आणि त्या वाकून ओकल्या. काळपट होतं, आणि त्याच्यामागून लाल.

मी रक्त बघून घाबरणारी बाई नाही, पण त्या दिवशी मी आधी बाटलीला बूच लावत बसले. मावशीने त्यांना धरलं, मास्तर उशीसकट धावत आले, पोस्टमनने रस्त्यात उभं राहून गाडी अडवली. गाडीत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्यांच्याशिवायचं घर मला एक दिवससुद्धा नको होतं. दोन्ही एकदम वाटत होतं आणि मी दोन्ही मोठमोठ्याने बोलून दाखवत होते, असं ड्रायव्हरने नंतर नवऱ्याला सांगितलं.

त्या वाचल्या. पुन्हा दुर्बीण घालून रक्तवाहिनीला चिमटा लावला, बाटल्यांनी रक्त चढवलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "ह्या वेळी वेळेत आणलंत. आता गोळ्या घेतल्या नाहीत तर हे परत होईल, आणि परत असं जमेलच असं मी सांगू शकत नाही."

सासूबाई शुद्धीवर आल्या आणि त्यांनी गोळी थुंकली. नर्सने दुसरी दिली, ती गालात धरून ठेवली आणि नर्सची पाठ वळल्यावर उशीखाली ठेवली. नवऱ्याचा आवाज परत आला होता. तो त्यांच्या पायाशी बसून रडत म्हणाला, "आई, घे ना गं." त्यांनी त्याचा हात थोपटला आणि भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टर आले तर त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तिसऱ्या प्रहरी भेटायच्या वेळेला मी एकटीच होते. खोलीत दुसरी खाट रिकामी. टेबलावर पाण्याचा ग्लास आणि एका वाटीत ती गोळी.

"सगळे कसे आहेत?" सासूबाईंनी भिंतीला विचारलं.

"ठणठणीत," मी सवयीने म्हणाले.

"बरं झालं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मग घरी येऊन मी करू काय? दाराशी बसून लोकांच्या तब्येती ऐकू? मावशीकडे रक्त ओकले ना, त्याच्या आधीची दुपार फार छान गेली बघ माझी. गेले असते तरी चाललं असतं."

माझं डोकं सटकलं. आजारी माणसाशी असं बोलू नये हे मला कळतं, पण माझं डोकं विचारून सटकत नाही.

"कोण ठणठणीत?" मी म्हणाले. "एक माणूस ठणठणीत नाही त्या इमारतीत! मास्तर शिंकून शिंकून अर्धे झालेत, ती उशी बाकासाठी नाही, शिंकायला आहे. पोस्टमन तुमच्या दारात उचकीने गुदमरून मेला असता. शिंपिणीने बोटात सुई घातली आणि गायली. तुमच्या लेकाचा घसा बसला होता म्हणून तो मुका होता, आम्ही भांडलो नव्हतो! सगळे खोटं बोलत होते, कारण मी सांगितलं होतं. तुमचा जीव वाचावा म्हणून सांगितलं होतं!"

सासूबाई हळूच इकडे वळल्या.

"मास्तरांना शिंका सकाळीच येतात ना?"

"सकाळी."

"मग तीच उशी घेऊन झोपतो तो, तिच्यातच धूळ असणार. गाढव आहे. फेकून दे म्हणावं. शिंपिणीचं बोट सुजलंय का?"

"थोडं."

"दाखवून घे म्हणावं, सुई गंजकी असते तिची." मग म्हणाल्या, "म्हणजे तुला मी उगाच बोलले त्या दिवशी."

"हो. पुष्कळ."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढंच येतं आणि ते मला पुरतं. त्यांनी उठून बसायचा प्रयत्न केला. मी पाठीला उशी लावली. "आणि तुला काय होतंय?"

"मला काही नाही."

"पट्टी कसली बोटाला?"

मी सांगितलं. मुंग्या, बधिरपणा, सुरी, जळल्याचा वास. बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं, आणि मला स्वतःचीच चीड आली. सासूबाईंनी माझा उजवा हात ओढून मांडीवर घेतला. "तिकडे बघ, खिडकीकडे," म्हणाल्या. मी बघितलं. "कळलं की सांग." अंगठ्याला चिमटा बसला, मी "हो" म्हणाले. पुढच्या बोटालाही. मग मी वाट बघत राहिले.

"घ्या ना चिमटा," मी म्हणाले.

मी वळून बघितलं, तर त्यांचं नख माझ्या बोटात रुतलेलं होतं.

त्यांचा दुसरा हात सवयीने बाजूच्या टेबलाकडे गेला. तिथे बाटली नव्हती. हात परत आला आणि माझ्या हातावर बसला.

"ह्याला माझ्याकडे काही नाही," सासूबाई म्हणाल्या.

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. मला खरी भीती वाटली ती तेव्हा.

"डॉक्टरला दाखव. इथे असेल ना कोणी हातांचा?"

"वरच्या मजल्यावर बसतात. जाईन कधीतरी."

"कधीतरी नाही. आत्ता."

"मी नाही जाणार," मी म्हणाले. "तुम्ही डॉक्टरची साधी गोळी घेत नाही, आणि मला डॉक्टरकडे पाठवता? आधी स्वतः घ्यायचं आणि मग दुसऱ्याला द्यायचं, नियम कोणाचा?"

त्यांनी वाटीतल्या गोळीकडे बघितलं. मग त्यांनी मला, डॉक्टरला, डॉक्टरला शिकवणाऱ्यांना आणि दुर्बीण शोधून काढणाऱ्याला अशा काही शिव्या घातल्या की दारातून जाणारी नर्स थबकली. शिव्या संपल्यावर त्यांनी गोळी उचलली, माझ्या डोळ्यांत डोळे घातले, जिभेवर ठेवली आणि पाण्याबरोबर गिळली. तोंड वाकडं केलं नाही. मी बघतच होते, तरी त्यांनी आ करून जीभ वर उचलून दाखवली, मग गालही दाखवले.

"झालं. आता तू."

मला उठवेना. त्यांचा हात अजून माझ्या हातावर होता.

"ऊठ. मी कुठे पळून जात नाही. आणि तो काय म्हणतो ते शब्दन् शब्द मला येऊन सांगायचं." त्यांनी हात सोडला. "डोळे पूस आधी. रडत गेलीस तर त्याला वाटेल मी मेले."